टेसन गावापासून लांब का, अन् पॅसेंजर उभी का राहते?

एका ताईंनी विचारलं आहे. त्या बडनेरा आणि वर्धा यांच्या मधल्या एका लहान स्टेशनावरून रोज अमरावतीला नोकरीसाठी अपडाऊन करतात. त्यांचे प्रश्न थोडक्यात असे: स्टेशन गावापासून अडीच किलोमीटर लांब का? प्लॅटफॉर्म इतका खाली का, की आईला डब्यात चढवायला दोघांनी हात द्यावा लागतो? पॅसेंजर येऊन उभी राहते ती वीस-वीस मिनिटं हलत नाही, ती का? आणि शेडच्या लोखंडी खांबावर १८८८ असं उठावात दिसतं, तर स्टेशन त्या वर्षीचं समजायचं का?

ताई, या लाइनवर आणि तिच्या आजूबाजूच्या फाट्यांवर मी चौतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक स्टेशन मास्तर म्हणून. तुमच्या स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मूर्तिजापूरपासून बुटीबोरीपर्यंतच्या बहुतेक लहान स्टेशनांना हेच उत्तर लागू पडतं. तुमचे चारही प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण मूळ एकच आहे. हे स्टेशन माणसांसाठी बांधलेलं नाही. ते कापसासाठी, इंजिनाच्या पाण्यासाठी आणि एका गाडीने दुसरीला वाट देण्यासाठी बांधलं. माझ्या पहिल्या पोस्टिंगच्या ठिकाणी धक्क्यावर एक म्हातारे हमाल होते. ते म्हणायचे, "रेल्वे कापसाले आली जी मास्तर, मानूस मांगून चढला." अभिलेखात जे सापडतं ते याहून वेगळं नाही.

१८५३ हे साल दोन अर्थांनी महत्त्वाचं. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. वऱ्हाडचा कापूस त्याआधी बैलांच्या पाठीवरून जायचा. बनजाऱ्यांचे तांडे तो थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. वाटेत पाऊस, धूळ, चोरी. माल पोचेपर्यंत त्याची रया जायची. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि सगळ्यांचे डोळे आपल्या काळ्या मातीकडे लागले. भुसावळहून नागपूरकडे येणारी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची लाइन तोवर आखलेली होती. ती नागपूरला पोचली १८६७ मध्ये. युद्ध १८६५ लाच संपलं होतं आणि भाव कोसळले होते, तरी रूळ पडले ते पडलेच. कंपनीच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती, त्यामुळे काम थांबण्याचं कारण नव्हतं.

आता लाइन कुठून गेली ते बघा. आपल्याकडे गाव वसतं पांढरीवर आणि पिकतं काळीत. पांढरी बहुधा नदीच्या, नाल्याच्या काठाला असते, पाण्यासाठी. रेल्वेच्या इंजिनिअरला नेमकं हेच नको असतं. त्याला दोन नाल्यांच्या मधला उंचवटा हवा असतो, म्हणजे पूल कमी लागतात आणि पावसाळ्यात भराव वाहून जात नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर रूळ ठेवायचा तर उंच भराव आणि पाण्याला वाट, दोन्ही लागतं. म्हणून लाइन नदीपासून सरकत सरकत वावरांतून गेली आणि गाव मागे राहिलं.

त्यात स्टेशनाला सपाट आणि सरळ जागाच लागते. आजच्या नियमाने स्टेशनाच्या हद्दीतला चढ ४०० ला १ पेक्षा तीव्र चालत नाही आणि १२०० ला १ असेल तर उत्तम. कारण साधं आहे. वॅगन उभा करून ठेवला आणि त्याचा ब्रेक ढिला पडला, तर तो आपोआप गडगडत मेन लाइनवर येऊ नये. एका मालगाडीला उभं राहायला लूपमध्ये, म्हणजे मेन लाइनच्या बाजूच्या जोडरुळावर, ६८६ मीटर जागा धरतात, त्याच्या दोन्ही टोकांना सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा, आणि त्यापुढे सिग्नल. म्हणजे किलोमीटरभर लांबीची सपाट, सरळ पट्टी हवी. नदीकाठच्या पांढरीजवळ ती क्वचित मिळते.

या अंतराच्या खुणा आपल्या नकाशावर नावांनीच कोरल्या गेल्या आहेत. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार हे अमरावती जिल्ह्यातले दोन वेगळे तालुके. धामणगाव रेल्वे हाही तालुका. रेल्वे हा शब्द तालुक्याच्या नावात बसला, इतकं तिथलं गाव स्टेशनाभोवती वाढलं. धामणगावला तर दत्तापूर आणि धामणगाव अशी जोडवस्तीच आहे. सेलू रोडमधला 'रोड' म्हणजे सेलूला जाणाऱ्या रस्त्यावरचं स्टेशन. एखाद्या स्टेशनाच्या नावापुढे रोड लागला की समजावं, उतरल्यावर बरंच चालायचं आहे. अमरावतीसारख्या मोठ्या गावालाही मेन लाइनने वगळलं. तिला बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला, आणि खामगावच्या कापूस बाजाराला जलंबहून १८७० मध्ये. नावांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले आणि त्यांची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली. म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. पुढे वर्धा पूर्व स्टेशनालाही तेच नाव मिळालं.

आता तुमच्या स्टेशनात चला. रस्त्याकडून आलं की आधी कडुनिंब, मग काळ्या दगडाची इमारत. तिच्यात तिकीट खिडकी आणि मास्तरची खोली. जुनी केबिन दोन्ही टोकांना असते, आता बहुधा कुलपात. तिच्यात लोखंडी दांड्यांची रांग असायची, प्रत्येक दांडीला एक सिग्नल किंवा एक सांधा बांधलेला. सिग्नलपर्यंत तार जायची, पुलीवरून, पाचशे-सातशे मीटर. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की ती तार लांबायची. दांडी पूर्ण ओढली तरी सिग्नलचा हात अर्धवटच पडायचा आणि ड्रायव्हर शिट्ट्या मारत होमच्या, म्हणजे स्टेशनात शिरायच्या सिग्नलच्या, बाहेर उभा. तेव्हा केबिनमधला चाकासारखा अ‍ॅडजस्टर फिरवून तार ताणावी लागे. पहाटे थंडाव्याने तीच तार आखडली की ताण पुन्हा सैल करायचा. दुपारी बारा ते चार सांधेवाल्याला मी केबिन सोडू देत नसे, ते याचसाठी. आता रंगीत दिव्यांचे सिग्नल आहेत आणि ते चालवायचं बटणांचं पॅनेल मास्तरच्या टेबलावर आलं आहे. उन्हाची चिंता उरली ती रुळांची.

इमारतीच्या विरुद्ध बाजूला बघा. तिथे एक रुंद, उंच, गवत वाढलेला चौथरा असेल. तो मालधक्का. त्याची उंची वॅगनच्या तळाला भिडेल अशी असते, रुळापासून १०६५ मिलिमीटर. या एका चौथऱ्यात स्टेशनाचा खरा इतिहास आहे. दिवाळी झाली की पांदणीतून बंड्यांची रांग लागायची. कापूस जिनिंगमध्ये जाई, सरकी वेगळी होई, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जात आणि त्या धक्क्यावर रचल्या जात. म्हणून या लाइनवर जिथे जिथे जिनिंग-प्रेसिंगची जुनी पडकी चिमणी दिसते, ती गावाच्या बाजूने नाही, स्टेशनाच्या बाजूने दिसते. ज्या ठिकाणी मालाला उंच धक्का बांधला, त्याच ठिकाणी माणसांना रुळाच्या पातळीचा मुरमाचा प्लॅटफॉर्म दिला. याचा अर्थ मला वेगळा सांगायला नको.

१९८० नंतर रेल्वेने सुटे वॅगन घेणं हळूहळू बंद केलं आणि अख्ख्या रेकची, म्हणजे पूर्ण मालगाडीची, वाहतूक धरली. एका लहान गावाकडे रेकभर माल कुठून येणार? धक्के ओस पडले. अपडाऊनवाले मात्र वाढत गेले. शाळेचे मास्तर, बँकेतली मंडळी, कॉलेजची पोरं, भाजीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाया. स्टेशनाचा उपयोग बदलला, आखणी तीच राहिली.

धक्क्याच्या मागे एक विहीर आणि दगडी चौथऱ्यावर टाकी असेल तर तीही बघा. वाफेच्या इंजिनाला कोळशाहून जास्त काळजी पाण्याची. काही अंतरावर पाणी मिळालंच पाहिजे, म्हणून कोणत्या गावी स्टेशन ठेवायचं हे ठरवताना विहिरीला पाणी लागतं का, हेही पाहिलं जायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा काही ठिकाणी पाण्याची लोखंडी सोंड अजून उभी होती. १९९० च्या सुमारास या लाइनवर विजेच्या तारा आल्या आणि ती काढली गेली.

आता तुमच्या पॅसेंजरकडे. मधून दोन मेन लाइन जातात. मुंबईकडे जाणारी ती अप, नागपूरकडे जाणारी ती डाऊन. म्हणजे तुमची सकाळची बडनेऱ्याकडे जाणारी गाडी अप. या दोन्हींच्या बाहेरच्या अंगाला लूप लाइन असतात आणि मागून फास्ट गाडी येत असेल तर पॅसेंजर लूपला घेतात. लूपला वळताना सांध्यावर वेग ३० किलोमीटरवर येतो, काही सांध्यांवर १५ वर. हा पहिला उशीर.

दुसरा उशीर लाइन क्लिअरचा, म्हणजे पुढच्या स्टेशनाकडून गाडी सोडायची परवानगी मिळण्याचा. दोन स्टेशनांच्या मधल्या पट्टीत एका लाइनवर एका वेळी एकच गाडी, हा मूळ नियम. मागच्या स्टेशनाचा मास्तर घंटेचे दोन ठोके देऊन लाइन क्लिअर मागतो. मी ती देण्याआधी तुमची गाडी पूर्णपणे लूपमध्ये, फाउलिंग मार्कच्या (ज्याच्या आत उभी गाडी शेजारच्या लाइनला अडत नाही त्या खुणेच्या) आत हवी आणि मेनचे सांधे सरळ लागलेले हवेत. गाडी तिकडून निघाली की तीन ठोके येतात. समजा पट्टी आठ किलोमीटरची, एक्स्प्रेसचा वेग ताशी १०० च्या वर. साडेचार-पाच मिनिटांत ती तुमच्या समोरून धडधडत जाते. लोक लगेच उठून बसतात, आता सुटेल म्हणून. पण पुढची पट्टी आता तिने व्यापलेली आहे. ती पुढच्या स्टेशनापार गेली, तिथल्या मास्तरने शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिला, चार ठोके दिले, की मग मी तुमच्यासाठी लाइन क्लिअर मागणार. म्हणजे आणखी पाच-सहा मिनिटं. सगळं घड्याळासारखं चाललं तरी पंधरा मिनिटं जातात. मागोमाग दुसरी एक्स्प्रेस असेल तर पंचवीस. जिथे ऑटोमॅटिक सिग्नल बसतात तिथे पट्टीचे तुकडे होतात आणि ही वाट पाहणं कमी होतं. तिसरी, चौथी लाइन टाकली तरी होतं.

मास्तर मुद्दाम अडवतो असं अनेकांना वाटतं. खिडकीवर येऊन ओरडणारे मी खूप पाहिले. त्यांचा राग मला समजायचा, कारण त्यांच्या ऑफिसात लाल शाईचा शेरा पडणार असायचा. पण कोणती गाडी आधी काढायची हे कंट्रोल, म्हणजे विभागाचं नियंत्रण कार्यालय, ठरवतं, मास्तर फक्त सांधे लावतो. माझ्या हातात होतं ते एकच. गाडी लूपला किती वेळ उभी राहणार हे आधी स्पष्ट सांगणं, म्हणजे म्हातारी माणसं खाली उतरून पाणी तरी पितील. नव्या मास्तरांना मी हे हात जोडून सांगत असे.

प्लॅटफॉर्म खाली का, याची दोन कारणं. प्लॅटफॉर्मचे तीन प्रकार: रुळाच्या पातळीचा, मधला म्हणजे ४५५ मिलिमीटरचा आणि उंच म्हणजे ७६० ते ८४० मिलिमीटरचा. लहान स्टेशनांना पहिला किंवा दुसरा मिळाला, कारण डब्याला पायऱ्या होत्याच. दुसरं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रुळाखालची गिट्टी दरवर्षी ठोकून-भरून घेतात, त्यात रूळ थोडाथोडा वर उचलला जातो. चाळीस वर्षांत तो वीतभर वर आला आणि प्लॅटफॉर्म जागच्या जागी राहिला, तर तुमच्या आईच्या पायाला एक पायरी वाढली. उंच करायचा तर नुसती भर घालून भागत नाही. काठ रुळाच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिलिमीटरवरच हवा, एका बोटाची चूक चालत नाही, नाहीतर डबा घासतो. म्हणून काठाचे सगळे दगड काढून नव्याने बसवावे लागतात. पादचारी पुलाच्या इतक्या पायऱ्या का, असंही लोक विचारतात. वर २५ हजार व्होल्टची तार आहे, पुलाचा तळ रुळापासून सव्वासहा मीटरच्या वरच ठेवावा लागतो. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तरी चाळीसच्या वर गेल्याच.

ही कामं कोणत्या स्टेशनाला आधी मिळतात, ते दर्जावर ठरतं. २०१७ पासून मुंबईच्या उपनगरी गाड्यांची स्टेशनं वेगळ्या गटात आणि आपली सगळी बिगर-उपनगरी गटात. रोज शेकडो लोक अपडाऊन करत असले तरी कागदावर आपण उपनगर नाही. त्या गटात सहा पायऱ्या आहेत आणि वर्षाला दहा लाखांपर्यंत चढणारे प्रवासी व एक कोटीपर्यंत उत्पन्न असलेलं स्टेशन सहाव्या, शेवटच्या पायरीवर येतं. इथे तुमच्या हातात एक गोष्ट आहे. तुमच्याकडचे बरेच जण पास बडनेऱ्याला काढतात, कारण तिथे खिडकी दिवसभर उघडी. ते उत्पन्न बडनेऱ्याच्या खात्यात दिसतं. पास आपल्या स्टेशनावर काढा, तिकीट आपल्या खिडकीवर घ्या, आणि मागणीचा अर्ज करताना महिन्याला किती पास निघतात तो आकडा वर लिहा. २०२० च्या कोरोना टाळेबंदीनंतर साधी गाडी एक्स्प्रेसच्या भाड्याने चालली, दहा रुपयांचं तिकीट तीस झालं, ते पुन्हा दहावर आलं २०२४ च्या फेब्रुवारीत. त्या काळात कितीतरी लोक एष्टीकडे आणि मोटारसायकलींकडे वळले, त्यातले सगळे परत आलेले नाहीत. लहान स्टेशनांचे आकडे त्यामुळे आणखी बसले.

राहिला तो खांब. १८८८ हे स्टेशनाचं साल नाही, शेडचंही नाही. तो खांब म्हणजे जुना रूळ आहे. रूळ कारखान्यातून निघताना त्याच्या उभ्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि साल उठावात येतं. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात पोलाद निघू लागलं १९१२ मध्ये, त्याआधीचा रूळ विलायतेहून बोटीने यायचा. आता हिशोब करा. लाइन तुमच्या गावावरून १८६७ च्या आतच गेलेली. म्हणजे १८८८ चा रूळ हा तिथला पहिला नव्हे, बदलीचा. तो पंचवीस-तीस वर्षं गाड्यांखाली झिजला असणार, मग जड रूळ आले तेव्हा उपटला गेला आणि खांब झाला. तेव्हा तुमची शेड १९१० च्या आधीची असणं अवघड आहे.

हे ताडून पाहायचं असेल तर खांबाचा आडवा आकार बघा. दोन्ही टोकं गोलसर, डमरूसारखी असतील तर तो खुर्चीत बसवायचा जुन्या पद्धतीचा रूळ, जी.आय.पी.वर तोच असायचा. मग खालच्या गोलाईवरून बोट फिरवा. चुन्याच्या थरांखाली ठराविक अंतराने बसके खड्डे लागतील. स्लीपरवरच्या बिडाच्या खुर्चीत तो रूळ जिथे जिथे टेकत होता, त्या त्या जागेची ती झीज आहे.